एवढ्याशा देशांबद्दल तुम्ही विचारलेलं

मागच्या अंकात मी प्रशांत महासागरातल्या नौरू बेटावर चार ओळी लिहिल्या आणि छोट्या देशांबद्दल प्रश्न असतील तर पाठवा म्हटलं. पत्रं भरपूर आली. मी एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यामुळे यातले काही देश पाहिलेत, काही नुसते क्षितिजावर दिसलेत आणि काहींची माहिती वाचून व बरोबरच्या खलाशांकडून मिळालीय. कुठलं काय, ते उत्तरात सांगतोच.

नौरू एकेकाळी दरडोई उत्पन्नात जगातल्या पहिल्या काही देशांत होता, असं मी वर्गात सांगितलं. एका मुलाने विचारलं, ‘मग तो गरीब का झाला?’ मी ‘उधळपट्टीमुळे’ असं उत्तर दिलं. ते बरोबर आहे का?
*एक शिक्षिका, बार्शी*

बाई, उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं मात्र मुलांना जरूर सांगा, कारण ते सांगितलं नाही तर त्या लोकांवर अन्याय होतो.

१९८४ साली आमचं जहाज न्यूझीलंडसाठी फॉस्फेट, म्हणजे खताचा कच्चा माल, भरायला नौरूला गेलं. बेट अवघं २१ चौरस किलोमीटर, विषुववृत्ताच्या जरासं खाली. तिथे तेव्हा बंदर नव्हतं आणि नांगर टाकायचीही सोय नव्हती. प्रवाळाच्या कडेपासून समुद्राचा तळ एकदम खोल जातो, नांगराला धरायला काही मिळतच नाही. जहाज मोठमोठ्या तरंगत्या बोयांना बांधायचं आणि किनाऱ्यावरचे दोन लांब पोलादी हात प्रवाळावरून पुढे येऊन जहाजाच्या पोटात माल ओतायचे. पश्चिमेचा वारा सुटला की तेही बंद. आम्ही नऊ दिवस बेटासमोर वाहत राहिलो. इंजिन बंद ठेवायचं, बेट दिसेनासं व्हायला लागलं की पुन्हा चालू करून जवळ यायचं. दहाव्या दिवशी वारा पडला आणि माल सुरू झाला. पिठाच्या गिरणीत उडतं तसं पीठ डेकभर. आमच्या भंडाऱ्याने गॅलीच्या, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघराच्या, दाराला ओली पोती लावली, तरी दोन दिवस भात दाताखाली करकर वाजत होता.

एका दुपारी मी किनाऱ्यावर उतरलो. खाणीवरचे मजूर बहुतेक किरिबाटी आणि तुवालू या तिकडच्याच छोट्या बेटदेशांतले. त्यांच्यातल्या एकाने मला ट्रकमधून वर पठारावर नेलं. तिथे ‘टॉपसाइड’ म्हणतात त्याला. बेटाच्या कडेने नारळाची हिरवी पट्टी आहे, लोक सगळे त्या पट्टीत राहतात. वर गेलो तर माती नावाची गोष्ट नाही. चुनखडकाचे सुळके, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच, एकाला एक लागून, नजर जाईल तिथपर्यंत. फॉस्फेट या सुळक्यांच्या मधल्या फटींत भरलेलं होतं. क्रेनच्या पंजाने ते उपसून काढलं आणि सुळके तसेच सोडून दिले. त्यावर चालता येत नाही, पेरता येत नाही, घर बांधता येत नाही. माझ्या गावात चिऱ्याच्या खाणी मी पाहिलेल्या आहेत, पण खाण संपली की निदान खड्डा तरी सपाट उरतो. बेटाचा सुमारे ऐंशी टक्के भाग असा झालेला आहे.

आता हिशेब कोणाचा ते बघा. नौरू १८८८ साली जर्मनीने घेतलं. तिथला एक दगड सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत दार अडवायला ठेवलेला होता, जुन्या लाकडाचा दगड झालाय असं समजून. १९००च्या सुमाराला आल्बर्ट एलिस नावाच्या कर्मचाऱ्याने तो तपासला, तर ते उत्तम प्रतीचं फॉस्फेट निघालं. १९०७ पासून माल जाऊ लागला. जमीन ज्यांची त्यांना सुरुवातीला टनामागे अर्धा पेनी मिळत होता. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनी मिळून ‘ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स’ नेमले आणि त्या देशांतल्या शेतकऱ्यांना हे खत जागतिक भावापेक्षा स्वस्तात मिळत राहिलं. म्हणजे तिकडच्या हिरव्या कुरणांसाठी इकडची माती गेली.

मधे जपान्यांनी बेट घेतलं आणि १९४३ मध्ये १,२०० नौरूवासीयांना मायक्रोनेशियातल्या त्रुक बेटांवर मजुरीला नेलं. परत आले ते ७३७. तो दिवस होता ३१ जानेवारी १९४६. पुढे १९६८ साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा त्यांनी मुद्दाम हीच तारीख निवडली. त्यांचा आणखी एक सण मुलांना सांगण्यासारखा आहे. १९२०च्या इन्फ्लुएंझाने लोकसंख्या इतकी घटली होती की दीड हजाराच्या खाली राहिली तर जमात टिकणार नाही असं मानलं जायचं. १९३२ मध्ये एक मुलगी जन्मली आणि आकडा दीड हजारावर गेला. त्या दिवसाला ‘अंगाम’ म्हणतात, २६ ऑक्टोबरला अजून साजरा करतात. ती मुलगी पुढे त्रुकवर वारली. लोकसंख्या पुन्हा त्या आकड्यावर यायला १९४९ उजाडलं.

साठच्या दशकात ऑस्ट्रेलियाने सुचवलं की बेट आता संपणारच आहे, तुम्ही क्वीन्सलंडजवळच्या कर्टिस बेटावर राहायला या. हॅमर डिरोबर्ट हे नौरूवासीयांचे प्रमुख, नंतरचे पहिले राष्ट्राध्यक्ष. त्यांनी आणि लोकांनी १९६४ मध्ये हे नाकारलं, कारण तिथे गेल्यावर ते ऑस्ट्रेलियन झाले असते, नौरूचे उरले नसते. स्वातंत्र्यानंतर त्यांनी फॉस्फेटचा धंदा २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून विकत घेतला. आपल्याच बेटावरची यंत्रं पैसे देऊन सोडवून घेतली.

मग आली तुमची उधळपट्टी. ती झाली, मी नाकारत नाही. सत्तरच्या दशकात पैसा एवढा होता की कर नाही, दवाखाना आणि शाळा फुकट. मेलबर्नमध्ये ५२ मजली नौरू हाउस बांधलं. स्वतःची विमान कंपनी काढली, लंडनच्या एका संगीत नाटकात पैसे घातले आणि ते आपटलं. भविष्यासाठीच्या निधीत एक अब्ज डॉलरहून जास्त होते, ते वाईट सल्लागार, वाईट गुंतवणूक आणि कर्ज यांत गेले. २००४ मध्ये इमारत विकावी लागली, २००५ मध्ये एकुलतं एक विमान जप्त झालं. नव्वदच्या दशकात पत्र्याच्या पेटीएवढ्याही नसलेल्या शेकडो परदेशी बँकांना परवाने दिले, त्याने देशाचं नाव खराब झालं. २००१ पासून ऑस्ट्रेलियाने आपल्याकडे बोटीने येणारे निर्वासित नौरूवरच्या छावण्यांत ठेवायला सुरुवात केली आणि त्याचे पैसे हा देशाचा मोठा आधार झाला. मला हा व्यवहार फार दुःखाचा वाटतो, दोन्ही बाजूंनी.

पण बाई, जमिनीचा तिसरा हिस्सा स्वातंत्र्याच्या आधीच उपसून झाला होता. तो पूर्ववत कोणी करायचा? हा प्रश्न घेऊन १९८९ साली नौरू हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. त्याआधी त्यांनी स्वतःचा चौकशी आयोग नेमला होता, त्याचे अध्यक्ष श्रीलंकेचे कायदेपंडित क्रिस्टोफर वीरमंत्री. ऑस्ट्रेलियाने खटला चालूच नये म्हणून हरकती घेतल्या, न्यायालयाने १९९२ मध्ये त्या फेटाळल्या आणि १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख डॉलर देऊन तडजोड केली. ब्रिटन आणि न्यूझीलंडने नंतर १ कोटी २० लाखांचा आपापला वाटा त्यात घातला. दहा-बारा हजार माणसांच्या देशाने आपल्या जुन्या मालकाला कोर्टात उभं केलं. तुमच्या वर्गातल्या त्या मुलाला हे आधी सांगा आणि विमानाचं नंतर सांगा.

आमच्या नगरपंचायतीत १७ सदस्य आहेत आणि शहराची लोकसंख्या नौरूहून जास्त. एवढ्याशा देशाला संसद, राष्ट्राध्यक्ष, संयुक्त राष्ट्रसंघातली जागा कशाला? एखाद्या मोठ्या देशात विलीन होणं सोयीचं नाही का?
*नगरपंचायतीचे एक कर्मचारी, सोलापूर जिल्हा*

तुलना छान केलीत, कारण आकडे खरंच तसेच आहेत. नौरूच्या संसदेत १९ सदस्य, तुवालूच्या संसदेत १६. नौरूत आठ मतदारसंघ आहेत आणि सदस्य आपल्यातून राष्ट्राध्यक्ष निवडतात. देशाला अधिकृत राजधानी नाही, कचेऱ्या यारेन भागात आहेत. विमान उतरायचं झालं की धावपट्टीला लागून जाणारा रस्ता थांबवतात. मतदान वीस वर्षांवरच्या प्रत्येकाला सक्तीचं आणि मोजणीची पद्धत त्यांची स्वतःची. मतदार सगळ्या उमेदवारांना क्रम देतो. पहिल्या पसंतीला एक मत, दुसरीला अर्धं, तिसरीला एक तृतीयांश, असं सगळं मिळवून निकाल लागतो. १९७१ पासून हे चालू आहे.

तुवालूत राजकीय पक्षच नाहीत. प्रत्येक बेट आपली माणसं पाठवतं. सगळे एकमेकांचे नातेवाईक, त्यामुळे एक-दोन जण इकडून तिकडे गेले की सरकार बदलतं. याचा त्रास आहेच. तुम्ही नगरपंचायतीत आहात, तुम्हाला मी काय सांगू.

पण विलीन झाले तर काय जाईल ते नकाशावर बघा. समुद्राच्या कायद्याप्रमाणे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर त्या देशाचा हक्क. नौरूची जमीन २१ चौरस किलोमीटर, आणि असं समुद्राचं क्षेत्र सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर. आपला अख्खा महाराष्ट्र तेवढा आहे. किरिबाटीचं तर आपल्या भारताच्या भूभागाहून मोठं. त्या पाण्यात ट्यूना मासा आहे आणि तो पकडायला जपान, कोरिया, तैवान, चीन, अमेरिकेच्या बोटी येतात.

पूर्वी प्रत्येक बेट एकटं वाटाघाटीला बसायचं आणि परदेशी कंपन्या एकाचा भाव दुसऱ्याला दाखवून पाडायच्या. आमच्याकडे मासळी उतरवताना बोटवाल्यांचं असंच व्हायचं, दलाल एकेकट्याला गाठायचा. मग नौरू, तुवालू, किरिबाटी, मार्शल बेटं, मायक्रोनेशिया, पलाऊ, सॉलोमन बेटं आणि पापुआ न्यू गिनी हे आठ देश एकत्र आले. त्यांनी मासे वजनावर न विकता दिवस विकायला काढले. मोठ्या जाळ्याच्या बोटीने आमच्या पाण्यात एक दिवस मासेमारी करायची तर किमान एवढे डॉलर, आणि वर्षाचे एकूण दिवस ठरलेले. २०१२ मध्ये हा किमान दर ५,००० डॉलर होता, २०१५ पर्यंत ८,००० झाला. यांच्या सरकारी तिजोरीत यायला लागलेला हा सगळ्यात भरवशाचा पैसा. हे त्यांना जमलं कारण प्रत्येकाकडे स्वतःची सही आणि स्वतःचा शिक्का होता. विलीन झालेल्या बेटाला वाटाघाटीच्या टेबलावर खुर्ची मिळत नाही.

‘किरिबाटी’ की ‘किरिबास’? बातम्यांत दोन्ही ऐकू येतं.
*एक विद्यार्थी, परभणी*

बोलताना किरिबास. त्यांच्या लिपीत एस हे अक्षर नाही, त्या उच्चारासाठी टी आणि आय लिहितात. मूळ शब्द ‘गिल्बर्ट्स’, तो त्यांच्या तोंडी असा झाला. त्यांचं एक बेट नकाशावर किरितिमाती असं दिसतं, ते वाचायचं किरिसमस, म्हणजे ख्रिसमस. लिहिताना मराठीत किरिबाटी रुळलंय म्हणून मीही वर तसंच लिहिलं. माझ्याबरोबरचे त्यांचे खलाशी मात्र तसं कोणी म्हटलं की हळूच दुरुस्त करायचे.

तुवालू खरोखर बुडणार का? आणि हा देश इंटरनेटची अक्षरं विकून जगतो हे खरं का?
*एक वाचक, नाशिक*

अक्षरांचं खरं आहे. प्रत्येक देशाला संकेतस्थळाच्या शेवटी लावायची दोन अक्षरं मिळतात. तुवालूला मिळाली टीव्ही. जगभरच्या वाहिन्यांना ती हवीशी वाटली. तुवालूने ती वापरायचे हक्क करारावर दिले आणि त्या पैशांच्या बळावर २००० साली संयुक्त राष्ट्रसंघाचा १८९वा सदस्य होता आलं. पण देश काही फक्त त्यावर जगत नाही. मासेमारीचे परवाने आहेत, १९८७ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड वगैरेंच्या मदतीने सुरू केलेला निधी आहे. या निधीचे नियम त्यांनी इतके कडक ठेवले की मूळ रकमेला हात लावता येत नाही. नौरूचं जे झालं ते यांचं झालं नाही, ते त्यामुळे. आणि चौथी मिळकत म्हणजे खलाशी. राजधानी फुनाफुटीजवळच्या अमातुकू बेटावर त्यांची खलाशांची शाळा आहे, तिथून शिकून पोरं परदेशी जहाजांवर जातात.

त्यातला एक माझ्याबरोबर चौदा महिने होता. रात्रीच्या पहाऱ्यावर मी त्याला विचारलं, तुमच्याकडे पाणी वर येतं म्हणजे लाट येते का? तो म्हणाला, लाटेची भीती नाही, ती दिसते. आमच्याकडे पाणी घरामागच्या जमिनीतून वर येतं. प्रवाळाची जमीन सच्छिद्र असते. मोठ्या उधाणाला समुद्र किनारा न ओलांडताच खालून झिरपतो आणि अंगणात डबकी होतात. त्यांचं मुख्य पीक पुलाका, आपल्या अळूच्या जातीचा मोठा कंद. तो खोल खड्डे खणून, जमिनीखालच्या गोड्या पाण्याच्या थरापर्यंत जाऊन लावतात. असा एकेक खड्डा पिढ्यान्‌पिढ्या पानांचं खत घालून जोपासलेला असतो. त्याच्या आईच्या खड्ड्यात खारं पाणी शिरलं आणि कंद कुजला. कोकणात ज्यांच्या शेताचा बांध फुटून खाडी आत आलीय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण आमच्याकडे बांध घालून दोन-तीन पावसाळ्यांत जमीन धुऊन निघते. तिथे बांध घालणार कुठे? पाणी खालून येतंय.

बुडण्याबद्दल नीट सांगतो, कारण यावर दोन्हीकडून टोकाचं बोललं जातं. उपग्रहाचे आणि विमानातून काढलेले जुने फोटो ताडून २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवलं की १९७१ ते २०१४ या काळात तुवालूच्या बेटांचं एकूण क्षेत्र सुमारे तीन टक्के वाढलं होतं. लाटा वाळू आणि प्रवाळाचा चुरा आणून टाकतात, बेटं आकार बदलतात. काही जण यावरून म्हणतात की मग रडता कशाला. पण क्षेत्र वाढलं म्हणून विहीर गोड होत नाही, पुलाका उगवत नाही. सगळा देश समुद्रसपाटीपासून चार-साडेचार मीटरच्या आत आहे. माणसांना राहणं अवघड होतं ते जमीन नाहीशी होण्याच्या कितीतरी आधी.

ते लोक हात जोडून बसलेले नाहीत. फुनाफुटीला ७८० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद भराव घालून उंच जमीन तयार केली. २०२३ मध्ये राज्यघटना बदलून लिहून ठेवलं की जमीन गेली तरी तुवालू हे राष्ट्र राहील आणि त्याच्या सागरी सीमा राहतील. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाशी ‘फालेपिली’ करार केला. त्यांच्या भाषेत फालेपिली म्हणजे शेजारधर्म. दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला जाता येईल. २०२५ मध्ये पहिली सोडत निघाली तेव्हा देशातल्या निम्म्याहून किती तरी जास्त लोकांनी नावं घातली. बदल्यात संरक्षणाबद्दल इतर कोणाशी करार करायचा तर ऑस्ट्रेलियाला विचारायचं, अशी अट आहे. या अटीवर तिथेही वाद झाले आणि मला त्या वादात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. नावं घातलेले सगळे जाणार नाहीत. गेलेलेही परत येऊ शकतील, असं करारात आहे.

सेंट हेलेना म्हणजे नेपोलियनला ठेवलं ते बेट. तिथे आज कोण राहतं, आणि जगतं कशावर?
*एक निवृत्त टपाल कर्मचारी, पुणे*

आमचं जहाज तिथे कधी लागलं नाही, पण दक्षिण अटलांटिकमधलं हे बेट मला जवळचं वाटतं त्याचं कारण गोव्याचं आहे. १५१२ साली गोव्यातल्या बाणस्तारीच्या किल्ल्याला पोर्तुगीजांचा गव्हर्नर आल्बुकर्क याने वेढा घातला, तेव्हा विजापूरकरांच्या बाजूने लढणाऱ्यांत काही पोर्तुगीजही होते. शरण आल्यावर आल्बुकर्कने त्यांचे जीव राखले, पण नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापला. त्यांतला फर्नांव लोपिश पुढे मायदेशी निघाला आणि वाटेत सेंट हेलेनावर उतरून लपला. बेट तेव्हा निर्मनुष्य होतं. तो तिथे एकटा राहिला, सोबतीला एक कोंबडा. जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांनी ठेवलेल्या बियांतून त्याने एका हाताने बाग उभी केली. मधे पोर्तुगालला आणि रोमला जाऊन आला, पोपकडे परत जाऊ द्या एवढंच मागितलं, आणि १५४५च्या सुमाराला तिथेच वारला. त्या बेटाचा पहिला रहिवासी असा बाणस्तारीहून गेलेला आहे.

आज तिथे चार हजारांवर लोक आहेत. गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी व मलाय, चिनी मजूर, ईस्ट इंडिया कंपनीचे शिपाई या सगळ्यांचे वंशज. स्वतःला ‘सेंट्स’ म्हणवतात. बेट ब्रिटनच्या ताब्यात आहे, लंडनहून नेमलेला गव्हर्नर आणि निवडून आलेलं विधिमंडळ. पैसा मुख्यतः ब्रिटनच्या मदतीचा, थोडी मासळी, थोडी कॉफी, थोडं पर्यटन.

तुम्ही टपाल खात्यातले म्हणून एक गोष्ट मुद्दाम. या बेटाचा एकमेव खरा उद्योग होता घायपातासारख्या एका झाडाचा वाख. डोंगरच्या डोंगर त्याने लावले होते, गिरण्या होत्या. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ब्रिटिश टपाल खातं, टपालाच्या थैल्या बांधायच्या सुतळीसाठी. १९६६ मध्ये खात्याने कृत्रिम धाग्याची सुतळी घ्यायचं ठरवलं आणि बेटावरची शेवटची गिरणी त्याच वर्षी बंद झाली. लंडनमधल्या एका कचेरीतला खरेदीचा शेरा, एवढंच. झाडं अजून डोंगरांवर तशीच माजलेली आहेत.

विमान २०१७च्या ऑक्टोबरात सुरू झालं. त्याआधी केपटाउनहून टपालाच्या बोटीने पाच-सहा दिवस लागायचे.

पिटकेर्न बेटाची तिकिटं माझ्या संग्रहात आहेत. तिथे खरंच कोणी राहतं का?
*एक तिकीटसंग्राहक, सांगली*

राहतात, पन्नासच्या आसपास. पनामाहून न्यूझीलंडला जाताना एकदा आमच्या कप्तानाने जहाज हळू केलं होतं. लांब उघडी होडी लाटांवरून आली, दहा-बारा माणसं दोराच्या शिडीने वर चढली आणि डेकवर गोधड्या पसरून त्यांवर मिरो लाकडातून कोरलेले शार्क, विणलेल्या टोपल्या, तिकिटं मांडली. तासाभराने केळी देऊन आणि बटाटे-पीठ घेऊन उतरली. मी घेतलेला शार्क आजही माझ्या टेबलावर आहे.

हे लोक ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावर १७८९ साली बंड केलेल्या खलाशांचे आणि ताहितीच्या स्त्रियांचे वंशज. १८३८ पासून तिथे बायकांना मताचा हक्क आहे. गव्हर्नर म्हणजे न्यूझीलंडमधला ब्रिटनचा उच्चायुक्त, बाकी कारभार बेटावरचा महापौर आणि परिषद बघते. तिकिटं १९४० पासून निघतात आणि त्यांच्या कमाईतून तिथली शाळा उभी राहिली. तुमच्या वहीतल्या तिकिटाचा एखादा चिरा त्या शाळेत असेल.

माझ्या खापरपणजोबांचे धाकटे भाऊ मॉरिशसला ऊस तोडायला गेले असं घरात सांगतात. त्यांच्या वंशजांचा शोध लागेल का? तिथे अजून मराठी आहे का?
*एक वाचक, राजापूर*

मराठी माणसं आहेत, हजारोंनी आहेत. १८३४ पासून कराराचे मजूर जाऊ लागले, मुंबई बंदरातून निघालेले बरेचसे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे. घरात बोलतात ती क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, पण शाळेत मराठी विषय घेता येतो आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते.

मॉरिशस स्वतंत्र झाला १२ मार्च १९६८ला, नौरूनंतर सहा आठवड्यांनी. तेव्हा निर्यात जवळजवळ सगळी साखरेची. जेम्स मीड या मोठ्या अर्थतज्ज्ञाने साठच्या सुरुवातीला या बेटाचं भवितव्य कठीण आहे असं लिहून ठेवलं होतं. पण साखरेचा पैसा चांगला येत होता तेव्हाच, १९७० मध्ये, त्यांनी निर्यातीच्या कारखान्यांसाठी कायदा केला, कपड्यांच्या गिरण्या आल्या, मग पर्यटन, मग बँका. युरोपने २००९ मध्ये साखरेचा हमीभाव बंद केला तोवर देश साखरेवर अवलंबून राहिलेला नव्हता.

पोर्ट लुईला आमचं जहाज एकदा चतुर्थीत होतं. एजंटच्या कचेरीतला एक मराठी कारकून मला आपल्या गावी घेऊन गेला. रात्री झाकरी होती. आपल्या जाखडीचंच ते नाव. पायात चाळ, मधे ढोलकी, भोवती गोल, आणि गाण्यातले शब्द माझी आजी म्हणायची ते, पण म्हणणाऱ्या मुलांना त्यातल्या अर्ध्यांचा अर्थ माहीत नव्हता. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, तुझा गाव कुठला. मी गुहागर म्हटलं. त्याला ते ओळखीचं नव्हतं. मी एकेक तालुका सांगत गेलो. दापोली, खेड, चिपळूण, संगमेश्वर. राजापूर म्हटल्यावर त्याने मला थांबवलं आणि ते नाव पुन्हा म्हणायला लावलं.

तेव्हा शोध घ्या. मोका गावात महात्मा गांधी संस्था आहे, तिच्याकडे कराराच्या मजुरांची दप्तरं जपलेली आहेत. त्यांत मजुराचं नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, जहाज आणि पोचल्याची तारीख असते, आणि साधारण १८६५ नंतर आलेल्यांचे फोटोही सापडतात. नावं गोऱ्या कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी लिहिलेली आहेत. म्हणून आडनावावर भर देऊ नका, बहुतेकांचं लिहिलेलंच नाही. भावाचं पाळण्यातलं नाव, हाकेचं नाव, बापाचं नाव आणि वाडीचं नाव, चारही कागदावर लिहा. राजापूर तालुक्यातला जुना उच्चार कसा होता ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून ऐका, आणि तोच रोमन अक्षरांत तीन-चार प्रकारे लिहून पाठवा.